हाडाच्या रंगाची साडी

फोन आला तेव्हा वच्छलाबाई गार दुधावरची साय वाटीत काढत होती. रामकिसननं फोन उचलला, नुसतं 'हं, हं' केलं आणि गॅलरीच्या दारात तसाच उभा राहिला. पलीकडं वेरूळचा भाचा पुंजाराम आहे हे तिला इथूनच कळलं, कारण पुंजारामला फोनवर ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. मग ते ओरडणंही थांबलं. 'आक्का गेली,' रामकिसन म्हणाला, 'झोपेतच. सकाळी सून उठवायला गेली तर...' पुढचं त्यानं हातानंच सांगितलं. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण भागूबाई, वच्छलाबाईची नणंद. साय अर्धी वाटीत होती, अर्धी पातेल्यात. वच्छलाबाईनं राहिलेली साय काढली, पातेल्यावर झाकण ठेवलं, हात धुतले आणि मग ती नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. उभं राहिल्यावर तिच्या मनात आलं, आधी इथं यायला पाहिजे होतं, साय मग. पण अशा वेळी कशाच्या आधी काय करायचं हे कुठं कुणाला ठाऊक असतं? रामकिसन रडत नव्हता. कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल तो उगाच सरळ करत होता. 'दहाला उचलणार म्हणतो. ऊन लई हाय,' तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, 'साडी लागंल.'

साडी लागणारच होती. बाई मेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. सासरी पन्नास वर्षं राबलेली असो, सासरची माणसं कितीही तालेवार असोत, माहेरचं कुणीतरी कोरं लुगडं घेऊन पोचल्याशिवाय तिला नेसवत नाहीत आणि उचलत नाहीत. ते कसं आणलं, केवढ्याचं आणलं, हे बाया बघतात. रडता रडता बघतात. त्यावरून पुढं वर्षभर बोलतात. आक्काच्या माहेरचं म्हणून आता एवढं एकच घर उरलं होतं, गारखेड्यातला हा दोन खोल्यांचा फ्लॅट. शेंद्र्याचं शेत एमआयडीसीत गेलं, तिथल्या घराला कुलूप लागलं, आईबाप तर कधीच गेले. 'शहागंजातून घेऊ जाता जाता,' रामकिसन म्हणाला. वच्छलाबाई म्हणाली, 'दुकानं अकराला उघडतात.' तो घड्याळाकडं बघत राहिला. 'मग घरात बघ. एवढ्या साड्या हायत घरात.' हे खरं होतं. एवढ्या साड्या होत्या घरात.

कपाटाचा खालचा कप्पा आहेराच्या साड्यांचा. त्यांना ती फिरत्या साड्या म्हणायची. एका लग्नात येतात, दुसऱ्या लग्नात जातात, घडी मोडत नाही, कुणाच्या अंगाला लागत नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी तेवढी पिवळी पडत जाते. वच्छलाबाई फरशीवर बसली आणि एकेक काढून बाजूला ठेवायला लागली. हिरवी, जांभळी, डाळिंबी, परत हिरवी, मोरांचे काठ, चकाकती जर. सगळ्या सवाष्णींच्या. आक्का तिशीच्या आतच विधवा झाली होती आणि तेव्हापासून फिक्या रंगाशिवाय तिच्या अंगावर काही दिसलं नव्हतं. तळाशी एक सापडली, मळकट पांढरी, बारीक तपकिरी काठाची. ही चालली असती. वच्छलाबाईनं ती मांडीवर घेतली, आणि मग तिला शंका आली. ही कुठून आली? पुंजारामच्या मुलीच्या बारशाला आलेली तर नाही? म्हणजे वेरूळहून? आक्कानंच दिलेली? आठवेना. तिला डोळ्यांसमोर आक्काचे हात दिसत होते, पिशवी पुढं करणारे, पण पिशवीत कोणता रंग होता ते दिसत नव्हतं. आक्काचीच साडी आक्काच्या अंगावर घालून यायची आणि तिथल्या एखाद्या बाईनं ओळखायची! शोभा नुसती. तिनं ती परत तळाशी सारली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की आपण वर बघायचं टाळतोय. वरच्या दांडीला कापडी पिशवीत ती एक लटकत होती. तीही पांढरी. तशी पांढरी नाही म्हणा.

'मॅम, व्हाइट नहीं, ये बोन कलर है,' पुण्याच्या त्या दुकानातली मुलगी म्हणाली होती. दुकान तरी कसं म्हणायचं त्याला! गादी नाही, साड्यांचा ढीग नाही, चहा सांगणारा मालक नाही. थंडगार हॉल, आणि भिंतीला लांब लांब अंतरावर टांगलेल्या सातआठ साड्या. एकमेकींशी भांडण झाल्यासारख्या. काचेच्या ग्लासात काकडी घातलेलं पाणी. ऋतुजा, तिची एकुलती लेक, स्वतःच्या लग्नाआधी दोन महिने तिला तिथं घेऊन गेली होती. बोन म्हणजे हाड, हे वच्छलाबाईला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिनं लेकीकडं बघितलं, पण लेकीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. साडीवर पांढऱ्यावर पांढरं भरतकाम होतं. हातभर अंतरावरून बघितलं तर काहीच नाही, कोरं कापड. जवळ नेलं, प्रकाशात तिरपं धरलं, तर वेली, पानं, पानांच्या शिरासुद्धा. 'कारीगर लोग महीनों बैठते हैं इस पे,' ती मुलगी म्हणाली. वच्छलाबाईनं कड उलटून आतली बाजू बघितली. ही तिची जुनी सवय. आतूनही तितकंच साफ होतं. एक गाठ दिसत नव्हती. मग कडेला लोंबणारी चिठ्ठी तिच्या हाताला लागली. पाऊण लाख. तिनं चिठ्ठी सोडून दिली. तव्याला बोट लागल्यावर हात मागं घ्यावा तशी. 'आई, तू जन्मभर आहेराच्या साड्या नेसलीस,' ऋतुजा म्हणाली, 'एक तरी तुझी म्हणून नेस. पैसे माझे आहेत, माझ्या पगाराचे. बाबांना सांगायचंसुद्धा नाही.' वच्छलाबाईला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणावंसंही वाटलं नाही. आरशासमोर त्या मुलीनं साडी तिच्या खांद्यावर टाकली तेव्हा आरशातली बाई तिला ओळखीची वाटली नाही, आणि त्या अनोळखी बाईकडं बघत राहावं असं वाटलं. इतकं स्वतःकडं बघायची तिला सवय नव्हती.

मग लग्न. रिसेप्शनच्या संध्याकाळी ती साडी नेसायला घेतली. अजून निऱ्याही घालायच्या होत्या, साडी नुसती हातावर होती, तोच चुलत सासू द्वारकाबाई खोलीत आल्या. त्यांनी साडीकडं बघितलं, मग तिच्या कपाळाकडं बघितलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, 'पांढरं? लेकीच्या लग्नात? रामकिसन हाय की अजून.' टोमणा नव्हता तो. म्हातारी खरोखरच घाबरली होती. वच्छलाबाईनं साडीची घडी घातली आणि वांगी रंगाची पैठणी नेसली. स्टेजवर ऋतुजानं लांबूनच तिला बघितलं. तोंडावरचं हसू तसंच ठेवलं, फोटोवाला समोर होता म्हणून. पण डोळे. ते डोळे वच्छलाबाईला पुढं किती तरी दिवस दिसत होते. त्यावर मायलेकी कधी बोलल्या नाहीत. ऋतुजा फोनवर अधूनमधून विचारायची, 'नेसलीस का गं?' आणि ती म्हणायची, 'अगं तसा कार्यक्रमच नाही झाला काही.' आणि खरंच, कोणता कार्यक्रम होता त्या साडीचा? मंगळागौरीला पांढरं चालत नाही. वास्तुशांतीला लोक जेवणाच्या हातानं पदर ओढतात. भाजी आणायला नेसावी तर वेड लागलंय म्हणतील. तिनं एकदा घरातच नेसून बघायचं ठरवलं, दुपारी, रामकिसन बँकेत गेला तेव्हा. दार लावून घेतलं, पंखा बंद केला, आणि मग तशीच पलंगावर बसून राहिली. घरात एकटीनं नेसायची ती साडी कुणासाठी, हे तिला सांगता येईना. पुढं रामकिसनला किंमत कळलीच. जावयाच्या तोंडून निघाली. तो चिडला नाही. जिल्हा परिषदेत जन्म गेलेला माणूस, तो हिशेब करत बसला. एकदा नेसलीस तर एका खेपेचे पाऊण लाख. दोनदा नेसलीस तर निम्मे. रोज नेसलीस तर वर्षाअखेरी परवडतीय बघ. आणि नाहीच नेसलीस तर? तिनं विचारलं होतं. त्यावर त्यानं मान हलवली. त्याच्या हिशेबात ते बसत नव्हतं. दर दोनतीन महिन्यांनी ती साडी काढायची, पलंगभर पसरायची आणि घडी बदलून परत टांगायची, एकाच रेषेवर कापड तुटू नये म्हणून. शेतातल्या आंब्यांनासुद्धा तिनं इतकं जपलं नसेल.

अशीच एकदा पसरलेली असताना आक्का आली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली होती, आठ दिवस राहिली. डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. ती खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'काय गं हे, वच्छला?' वच्छलाबाई म्हणाली, 'या ना आक्का, बघा.' आक्का पलंगाच्या कडेला बसली. घृष्णेश्वराच्या वाटेवर बेलफुलांची पाटी घेऊन बसून बसून तिची बोटं चिरली होती, नखांच्या कडेला काळ्या भेगा होत्या. तिनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. मग हात उपडा केला आणि बोटांच्या मागच्या बाजूनं साडीवरून फिरवला, हळूच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. 'पालथा बरा,' ती म्हणाली, 'नायतर माझ्या बोटाला दोरा यील.' खिडकीतून ऊन येत होतं. नवीन डोळ्यांनी तिला ती सगळी पानं दिसत होती, शिरांसकट. 'हे बेलाचंच हाय की पान,' ती एका जागी म्हणाली. ते बेलाचं नव्हतं, पण वच्छलाबाई व्हय म्हणाली. का कोण जाणे, तिनं आक्काला किंमतही सांगितली. आजवर कुणालाच आपण होऊन सांगितली नव्हती. शेजारणींना सांगताना ती दोन शून्यं कमी करायची. आक्का दचकेल, 'आगं माय' म्हणेल, असं तिला वाटलं होतं. आक्का म्हणाली, 'आसंल की. कुणीतरी बसून केलंच आसंल ना हे. त्याचे डोळे गेले आसतील.' मग थोड्या वेळानं, 'नेसत का नाहीस मग?' 'पांढरं दिसतं, आक्का.' 'हां,' आक्का म्हणाली, 'आमाला तर तेच नेसायचं. पर आसलं कुठं मिळतंय.' बस्स, एवढंच. मागितलं नाही, सुस्कारा टाकला नाही. सहज बोलली आणि चहा झाला का विचारत उठली. त्या क्षणी वच्छलाबाईच्या तोंडात शब्द आला होता, 'घ्या.' एकच अक्षर! तिनं तो गिळला. ऋतुजाला काय सांगू, असं तिनं स्वतःला सांगितलं. ही साडी नेसून आक्का पाटीजवळ बसणार का, असंही सांगितलं. दोन्ही कारणं खरी होती. तरी संध्याकाळी आक्काला जेवायला वाढताना तिनं तूप जरा जास्तच वाढलं, आणि आक्का म्हणाली, 'आगं किती, बास.'

आता ती फरशीवर बसली होती आणि साडीची पिशवी खाली उतरवलेली होती. आपण ही कधी उतरवली हे तिला नीट सांगता आलं नसतं. दया आली म्हणून? तसं काही वाटत नव्हतं. उलट बऱ्याच दिवसांनी जरा हलकं वाटत होतं, आणि त्याची तिला भीती वाटली. आपण आक्काला ही साडी देतोय, की घरातलं एक लोढणं बाहेर काढतोय? जळून गेली की विषय संपला, ऋतुजा विचारणार नाही, घड्या बदलायला नकोत. तिनं दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला आणि खरं कोणतं ते तिला ठरवता आलं नाही. साडीच्या एका आतल्या कोपऱ्यात रेशमी पट्टी शिवलेली होती, त्यावर साडी करणाऱ्याचं नाव, बारीक अक्षरात, लाजल्यासारखं. वच्छलाबाईनं कात्री आणून टाके उसवले. परक्या पुरुषाचं नाव अंगावर घेऊन आक्कानं कशाला जायचं? मग तिनं ऋतुजाला फोन लावला. ऋतुजा आत्याच्या आठवणीनं रडली, लगेच निघते म्हणाली, तरी तिला पोचायला दुपार होणार होती. साडीचं वच्छलाबाई काही बोलली नाही. गाडीत बसताना रामकिसननं विचारलं, 'कोणती घेतली?' 'पांढरीच हाय. कोरी.' 'बरं,' तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली. दौलताबादच्या घाटात, किल्ल्याजवळच्या त्या अरुंद वेशीत, पुढं सहलीची बस अडकली होती. हॉर्न वाजत होते, बसमधली पोरं खिडकीतून हात बाहेर काढून गात होती. रामकिसन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता. 'मला पोहायला तिनं शिकवलं,' तो एकदम म्हणाला, 'विहिरीत. ढकलूनच दिलं व्हतं.' वच्छलाबाईनं मांडीवरची पिशवी सावरली. बस हलली.

वेरूळला अंगणात पुरुष बसले होते, त्यांच्यात रामकिसन जाऊन बसला. बाया आत होत्या. आक्काला आंघोळ घातलेली होती, आणि दोघींनी चादर धरून आडोसा केला होता. केस मोकळे, ओले. तोंड बारीक झालेलं. वच्छलाबाईला रडू आलं, आणि आलं ते थांबेना, तेव्हा तिला बरं वाटलं. आक्काची जाऊ आवडाबाई उशाशी बसली होती. या घरात सगळं तिच्या शब्दानं चालतं. 'आन गं, माहेरचं आन,' ती म्हणाली. वच्छलाबाईनं पिशवीतून साडी काढून दिली. आवडाबाईनं घडी उलगडली. खोलीत उजेड असा नव्हता, एकच झरोका, तोही धुरकट. त्या उजेडात साडीवर काहीच दिसत नव्हतं. नुसतं फिक्कट कापड. आवडाबाईनं काठ शोधला. काठ नव्हता. पदर शोधला, तोही नव्हता. मग तिची बोटं खालच्या कडेला थांबली. 'ह्याला फॉल लावलाय,' ती म्हणाली. 'झंपराचं कापड कुठंय?' झंपराचं कापड रिसेप्शनच्या आधीच कापून तिच्या मापाचं झंपर शिवलेलं होतं. फॉल त्या दुकानानंच लावून दिला होता. सकाळपासून ती त्या साडीच्या रंगाचा विचार करत होती, किमतीचा, लेकीचा, स्वतःच्या मनाचा. कोरी साडी कशी असते, हा साधा विचार तिला शिवला नव्हता. 'नेसलेली हाय का काय?' आवडाबाईनं विचारलं. आवाज चढवला नव्हता, पण चादर धरलेल्या दोघींनीही वळून बघितलं.

'नाही नेसलेली,' वच्छलाबाई म्हणाली, 'एकदाही नाही.' ते कुणाला पटलं नाही, आणि पटावं तरी का? एकुलता एक भाऊ, शहरात फ्लॅट, शेताचे पैसे आलेले, आणि बहिणीच्या मढ्यावर बायकोचं वापरलेलं पातळ! पुंजारामची बायको मान खाली घालून आक्काचे केस पुसत राहिली. आवडाबाईनं साडीची घडी परत घातली. चांगली नीट घातली, चुरगाळली नाही, आणि बाजूला ठेवली. 'ऱ्हाऊ दे,' ती म्हणाली, 'पुंजारामला धाड कुणीतरी, स्टँडाजवळच्या दुकानातून एक पांढरं आनंल. घरातनं जाती ना बाई, नीट जाऊ दे.' वच्छलाबाईला बाहेर बसलेला रामकिसन आठवला. पाच मिनिटांत हे त्याच्यापर्यंत जाणार होतं, आणि आजच्या दिवशी त्याला खाली बघायला लागणार होतं. तिला एवढंच करायचं होतं, किंमत सांगायची. आकडा एकदा तोंडातून गेला असता तर आडोसा धरलेल्या बायासुद्धा चादर सोडून बघायला आल्या असत्या. आणि मग? मग आवडाबाई शहाणी बाई, ती म्हणाली असती, येवढ्याचं जाळतीस काय, वेडी का खुळी तू? आणि साडी अशीच, अशीच नीट घडी घालून, परत तिच्या हातात दिली असती. हलकी म्हणून काढली, नाहीतर भारी म्हणून काढली असती. आक्काच्या अंगावर ती काही राहत नव्हती. पुंजारामची बायको उठायला लागली, नवऱ्याला बोलवायला. वच्छलाबाईनं तिचा दंड धरला.

'आक्कानी मागितली होती ही,' ती म्हणाली.

खोलीत हालचाल थांबली. मेलेल्या माणसानं मागितलेलं नाकारत नाहीत. आवडाबाईनं साडीवरचा हात काढून घेतला. पुंजारामची बायको परत खाली बसली. मागितली नव्हती हे फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्यातली एक इथं ओल्या केसांनी पडली होती. 'तुला म्हणाली व्हती?' आवडाबाईनं विचारलं. 'व्हय. डोळ्यांच्या ऑपरेशनला आल्या होत्या तेव्हा.' आवडाबाईनं मान डोलावली. तिनं घडी पुन्हा उलगडली, एक टोक सुनेच्या हातात दिलं, दुसरं आक्काच्या पाठीखालून सरकवायला घेतलं. हात चालू असतानाच, वर न बघता, तिनं विचारलं, 'तवा का नाय दिली मग? जित्ती असताना?'

हे विचारलं जाणार हे वच्छलाबाईला कळायला पाहिजे होतं. खोटं बोलताना माणूस एकच पाऊल पुढचं बघतो. तिनं उत्तर शोधलं, एखादं सोपं, कुणालाही पटेल असं. तिला एकच सापडलं.

'महाग होती,' ती म्हणाली.

आवडाबाईनं मान वर केली. हातातल्या त्या फिक्या, बिनकाठाच्या कापडाकडं बघितलं, आणि मग बराच वेळ वच्छलाबाईच्या तोंडाकडं. 'ही?' ती म्हणाली. बाकीच्या बायांनी डोळे खाली केले. मग आवडाबाईनं आक्काला कुशीवर करायला सुनेला खूण केली आणि वच्छलाबाईला म्हणाली, 'धर त्या बाजूनं. निऱ्या तू घाल.'